पाटावरचे नाव



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आपल्या वाचनालयाचे जुने ग्रंथपाल आज हयात असते, तर नव्या चित्रकलेवर बोलण्यासाठी मला येथे उभे केलेले पाहून त्यांनी प्रथम कपाळाला आठी घातली असती, आणि मग आपल्या नेहमीच्या सावकाशीने टेबलाचा खालचा खण ओढून तांबड्या फडक्यात बांधलेले एक दफ्तर बाहेर काढले असते. मी पेडणे महालातल्या एका खेड्यातून डिचोलीस इंग्रजी शाळेत शिकावयास आलो ते गोवा मुक्त होऊन चारपाच वर्षे लोटल्यावर. त्या काळी येथल्या वाचनालयाचा शिरस्ता असा, की पुस्तक जरा खिळखिळे झाले की त्याची रवानगी पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे व्हावयाची. तो इसम मुखपृष्ठ फाडून टाकी, पुठ्ठ्यावर करडे कापड चढवी आणि पाठीवर एक आकडा डकवी. वर्ष-दोन वर्षांत सगळे कपाट मामलेदार कचेरीतील फेरफाराच्या फायलींसारखे एकरंगी दिसू लागे. ग्रंथपालांना ते सोसवत नसे. पुस्तक बांधणीस देण्यापूर्वी ते मुखपृष्ठ सुरीने अलगद सोडवून घेत, मागे दाखल क्रमांक लिहीत आणि या दफ्तरात ठेवून देत.

याहून धाडसाची गोष्ट त्यांनी दाखल-वहीत केली होती. क्रमांक, ग्रंथाचे नाव, कर्ता, प्रकाशक, किंमत हे पाच रकाने छापलेले होते. त्यांनी तांबड्या शाईने सहावा रकाना आखून त्याच्या माथ्यावर लिहिले, ‘चित्रकार’. तपासणीस आलेल्या एका अंमलदाराने ‘जादा रकाना कोणाच्या हुकमाने?’ असा शेरा मारला होता, तो मी माझ्या डोळ्यांनी वाचला आहे. आणि त्याखाली ग्रंथपालांनी दिलेला खुलासाही वाचला आहे : ‘मुखपृष्ठाची किंमत पुस्तकाच्या किमतीत धरलेली असल्यामुळे.’ माझे आजचे सगळे प्रतिपादन या एका खुलाशाचा विस्तार आहे असे समजलात तरी चालेल. नवे, कल्पक, आजचे चित्र कोठे शोधावे, असे तरुण मंडळी मला विचारतात, तेव्हा मला आधी हा रकाना आठवतो.

त्या रकान्यात दोन नावे पुनःपुन्हा येत. एक दलाल आणि दुसरे मुळगावकर. दोघेही गोमंतकीय, ही गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली. दीनानाथ दलाल यांचा जन्म १९१६ चा, मडगावचा. रघुवीर मुळगावकर यांचा १९१८ चा, बार्देशातील अस्नोडे गावचा, आणि आडनाव तर येथून हाकेच्या अंतरावर असलेल्या आपल्या मुळगावची आठवण देणारे. दोघांनीही मुंबईत नाव मिळवले. दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ अंक सुरू केला आणि १९७१ च्या जानेवारीत देहावसान होईपर्यंत मराठी मध्यमवर्गाच्या डोळ्याला वळण लावण्याचे काम त्या अंकाच्या द्वारे केले. एरवी चित्रप्रदर्शनाची पायरी जे कधी चढले नसते, त्यांच्या माजघरात दलालांची चित्रे दर दिवाळीला दारातून चालत येत.

हे काम कसे होत असे ते नीट समजावून घेतले पाहिजे, कारण कल्पकता म्हणून जी काही वस्तू आहे ती बहुधा अशाच तपशिलांच्या सांदीकोपऱ्यात दडलेली असते. त्या वेळी पुस्तके खिळे जुळवून छापली जात, आणि मुखपृष्ठासाठी जस्ताचे ब्लॉक करावे लागत. प्रत्येक रंगाला वेगळा ब्लॉक आणि प्रत्येक ब्लॉकासाठी कागद यंत्रातून एकेकदा काढावयाचा. म्हणजे रंग वाढला की खर्च वाढला. कादंबरीच्या प्रकाशकाची ऐपत बहुतेकदा दोन रंगांची, फार तर तिसऱ्याची. तेव्हा चित्रकाराने करावयाचे काय? दलाल करीत ते असे, की कागदाचा पांढरेपणा हाच एक फुकटचा रंग धरून चालावयाचे. दोन रंग जेथे एकमेकांवर चढतात तेथे उमटणारी तिसरी छटा हिशेबात घ्यावयाची. आणि छायाप्रकाशाचा मोह सोडून, अजिंठ्याच्या भिंतींकडून व रजपूत-पहाडी लघुचित्रांकडून शिकलेली वळणदार रेषा सपाट रंगाच्या क्षेत्राभोवती फिरवावयाची. शिवाय अक्षरे. पुस्तकाचे नाव ते छापखान्याच्या खिळ्यांवर सोपवीत नसत. ते स्वतः रेखीत, आणि ती अक्षरे चित्रातील एखाद्या पात्रासारखी वागत. मी लहानपणी दफ्तरातील मुखपृष्ठे पालथी-उलथी करताना लेखकाचे नाव झाकून अक्षरांच्या वळणावरून चित्रकार ओळखण्याचा खेळ खेळत असे. त्या खेळात मी जे शिकलो ते पुढे कोणत्याही वर्गात शिकलो नाही.

मुळगावकर हे अगदी दुसऱ्या टोकाचे. त्यांच्या चित्रात रेषा शोधून सापडत नाही. हवेच्या दाबाने रंगाचे तुषार उडवणाऱ्या फवाऱ्याने त्यांनी देवदेवतांना आणि नायिकांना अशी तुकतुकीत, ओलसर कांती दिली की गोमंतकातच काय, सबंध महाराष्ट्रात दिनदर्शिकेवरचे त्यांचे चित्र कापून, काच लावून, देव्हाऱ्यात पुजले गेले. याच हातांनी बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठेही काढली, म्हणजे सकाळी लक्ष्मी आणि दुपारी पिस्तूल! आम्ही अर्धवट शिकलेली पोरे त्यांना नाक मुरडीत असू. ‘गोडगोड’ हा शब्द आम्ही कोठूनसा उचलला होता. आज मी ते मत निम्मे मागे घेतो : गोडवा होता, परंतु ज्या यंत्राने जाहिरातीच्या साबणाला चकाकी द्यावयाची त्याच यंत्राने देवाच्या मूर्तीला श्वास द्यावा, ही युक्ती कोणाला तरी प्रथम सुचावी लागते. उरलेले निम्मे मत मी अजून बाळगून आहे.

येथे थोडे विषयांतर करू द्या. हिंदुस्थानातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात उतरला हे आपण अभिमानाने सांगतो. त्यानंतर साठ वर्षांनी, १६१६ त, फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ राशोल येथे छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवी, आणि लिपी मात्र रोमन. छापखाना होता, भाषा होती, कवी होता. देवनागरीचे खिळे नव्हते. अक्षर ओतण्याचे कारागिरीचे काम झाले नाही म्हणून जगातले एक अपूर्व मराठी पुस्तक परक्या अंगरख्यात फिरत राहिले. अक्षराचा आकार ही भाषेची वरवरची सजावट आहे असे ज्यांना वाटते त्यांनी या एका प्रकरणाचा विचार करावा. पुढे त्याच भूमीतून बाहेर पडलेल्या दलालांनी देवनागरी अक्षर हाताने रेखून मराठी पुस्तकाच्या कपाळी लावले, याला योगायोग म्हणा. मला ती एका जुन्या कर्जाची फेड वाटते.

आता आपल्या मुलखाकडे येतो. पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल अठराव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत, पेडणे तर १७८८ साली, पोर्तुगीज अंमलाखाली गेले, म्हणून त्यांना नव्या काबिजाती म्हणत. तोवर देवळे पाडण्याचा काळ सरलेला होता. उलट दिवाडीवरून उठवलेला सप्तकोटेश्वर नदी ओलांडून आमच्या नार्व्याला आला आणि शिवछत्रपतींनी १६६८ साली त्याचे देऊळ बांधवले. त्यामुळे या बाजूस भिंतीवर चित्र काढणारा हात खंडित झाला नाही. पेडण्याच्या भगवतीच्या दारातले दोन हत्ती लहानपणी मला इतके खरे वाटत की त्यांच्या सोंडेखालून जाताना मी श्वास रोखून धरी. ते कोणी घडवले? देवळाच्या कोणत्याही सनदेत त्याचे नाव मला आढळले नाही.

तीच गत कावी चित्रांची. शिंपल्यांचा चुना भाजून, भिजवून, गुळाच्या पाण्यात मळून भिंतीवर गुळगुळीत गिलावा द्यावयाचा. त्यावर तांबड्या मातीचा, म्हणजे कावेचा, पातळ हात फिरवावयाचा. आणि तो ओला आहे तोवरच लोखंडी टोकाने व कंपासाने आकृती खरडून खालचा पांढरा चुना उघडा करावयाचा. दोनच रंग. वेळ मोजका. चुकले तर खोडण्याची सोय नाही. या कलेचा पट्टा सावंतवाडीपासून गोव्यातून कारवार-अंकोल्याच्या पलीकडे पसरलेला होता. जीर्णोद्धाराच्या नावाखाली चकचकीत फरश्या आल्या आणि पुष्कळ भिंती गेल्या. मला आश्चर्य वाटते ते याचे, की चुन्याचा पांढरेपणा राखून तांबड्याशी त्याचा सवालजवाब लावणारा तो निनावी कारागीर आणि दोन ब्लॉकांच्या ऐपतीत कागदाचा पांढरेपणा राखणारे दलाल यांच्यापुढचा प्रश्न अक्षरशः एक होता. एकाने उत्तराखाली सही केली, दुसऱ्याने केली नाही, इतकाच भेद.

सहीचा विषय निघालाच आहे तर आपल्याच दोन थोर चित्रकारांची गंमत सांगतो. फ्रान्सिस न्यूटन सूझा साळगावचे आणि वासुदेव गायतोंडे गोमंतकीय घराण्यातले परंतु नागपुरात जन्मलेले. दोघांचाही जन्म १९२४ चा, दोघेही मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे, आणि १९४७ साली सूझांनी ज्या प्रोग्रेसिव्ह चित्रकार मंडळाची उभारणी केली त्याच्याशी गायतोंड्यांचाही पुढे संबंध आला. सूझांची सही पाहावी तर चित्राच्या थेट माथ्यावर, वर्षासकट, एखाद्या फिर्यादीने दरवाज्यावर थाप मारावी तशी. गायतोंडे आपले नाव पुष्कळदा चित्राच्या पाठीमागे लिहीत, आणि तेही देवनागरीत. समोरच्या बाजूला केवळ रंगाचे थर आणि शांतता. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने गायतोंड्यांचे मोठे प्रदर्शन भरवले तेव्हा ती मागची अक्षरे भिंतीकडे तोंड करून उभी असतील, या कल्पनेने मला का कोण जाणे, फार बरे वाटले होते.

संस्थांविषयी थोडक्यात बोलतो. १९७२ साली पणजीस कला महाविद्यालय निघाले, पॅरिसात दशकभर राहून आलेले लक्ष्मण पै १९७७ पासून दहा वर्षे त्याचे प्राचार्य होते, आणि तेथे उपयोजित कलेचा, म्हणजे मुखपृष्ठे, जाहिराती, बोधचिन्हे यांचा, अभ्यासक्रम असल्यामुळे दलालांनी मुंबईत जाऊन जे कमावले ते आपल्या मुलांना आल्तिन्होच्या टेकडीवर मिळू लागले. २००९ मध्ये त्याच टेकडीवर सुनापरान्त हे कलाकेंद्र सुरू झाले. डॉक्टरकी सोडून चित्रकार झालेल्या सुबोध केरकरांनी २०१५ त पिळर्ण येथे म्युझियम ऑफ गोवा उभारले. २०१६ पासून डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी हा कलामहोत्सव भरतो. ही सारी चांगली कामे. परंतु डिचोलीहून कदंबाच्या बसने जाऊन एका दिवसात दोनशे वस्तू पाहावयाच्या आणि संध्याकाळी परतताना बसमध्ये पेंगावयाचे, याला मी कलेचा शोध म्हणणार नाही. शोध लागतो तो दुसऱ्या खेपेस. एका हाताचे एक काम पाहिले, नाव मनात ठेवले, आणि वर्षाने भलत्याच ठिकाणी, भलत्याच माध्यमात त्याच हाताचे दुसरे काम समोर आले की पहिल्या भेटीत न दिसलेले दिसू लागते. ग्रंथपालांचा सहावा रकाना याच दुसऱ्या खेपेची तरतूद होती.

अशा दुसऱ्या खेपांची माझी दोन उदाहरणे सांगतो. अमृता पाटील या बाईंचे बालपण गोव्यात गेले, शिक्षण आपल्या कला महाविद्यालयात झाले. त्यांची ‘कारी’ ही चित्रकादंबरी २००८ साली आली तेव्हा मी ती चाळून बाजूला ठेवली. महानगरातल्या एकाकी मुलीची ती काळसर गोष्ट माझ्या वयाच्या माणसाला दूरची वाटली. चार वर्षांनी ‘आदिपर्व’ हाती आले. यात महाभारताची कथा गंगा सांगते, रात्री जमलेल्या ऐऱ्यागैऱ्या श्रोत्यांना, आणि श्रोते मध्येच टोकतात, हटकतात. पुढच्या ‘सौप्तिक’मध्ये तेच काम अश्वत्थामा करतो. पेडणे महालात ज्याचे लहानपण गेले त्याला जत्रेतला दशावतारी काला यातून आठवल्यावाचून राहणार नाही, कारण पेट्रोमॅक्सच्या उजेडात देव बोलू लागले की आमच्याकडील म्हाताऱ्याही त्यांना असेच टोकीत. मग मी ‘कारी’ पुन्हा काढली. या वेळी तिच्यातली काजळी मला काजळीसारखी दिसली नाही. रंग येण्यापूर्वीचा रेखाटणीचा हात दिसला.

दुसरे उदाहरण ओरिजित सेन यांचे. नर्मदेच्या खोऱ्यातील विस्थापितांवर त्यांनी १९९४ साली ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ काढली, तिला भारतातील पहिली चित्रकादंबरी मानतात. पुढे ते गोव्यात राहावयास आले, गोवा विद्यापीठातील मारिओ मिरांडा अध्यासनावर त्यांची नेमणूक झाली, आणि विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यांनी चक्क म्हापशाचा बाजार रेखाटावयास घेतला! शुक्रवारचा म्हापसा आम्हां पेडणेकरांना ठाऊक आहे तो मिरच्या, सुके मासे आणि शेवटची बस चुकण्याची भीती एवढ्याच अंगाने. त्या बाजारात कोण कोठे बसते, काय विकते, कोणत्या गावाहून येते, याची गल्लीगल्लीतून पाहणी करून चित्रांतून मांडणी करणे, हे एक प्रकारे जमाबंदीचेच काम. फक्त सारा बसवण्याऐवजी माणसे नोंदवावयाची. मारिओंच्या नावाच्या अध्यासनावरून हे व्हावे हेही उचित झाले. लोटलीच्या व्यंगचित्रकार मारिओंची रेषा आज टीशर्टांवर, फरशांवर, चहाच्या पेल्यांवर इतकी पसरली आहे, आणि तिची नक्कल करणारे इतके झाले आहेत, की खुद्द मारिओ पाहण्यासाठी आता प्रयास करावा लागतो. ज्यांना तो करावयाचा असेल त्यांनी कला अकादमीच्या नाट्यगृहाच्या भिंतींवर त्यांनी रंगवलेले प्रेक्षक पाहावेत.

आणि ज्यांना सहीच नाही ते? नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळला जाणारा नरकासुर गल्लीतली पोरे दोन दोन आठवडे रात्री जागून उभा करतात. गवत, कागद, खळ आणि अलीकडे आतून मान हलवणारी यंत्रेही. उजाडताना राख. चतुर्थीला गणपतीच्या माथ्यावर टांगावयाची माटोळी पाहा : सुपारीचे घोस, आंबाडे, तोरिंजन, मट्टीची फळे, रानातून शोधून आणलेल्या मुळ्या आणि शेंगा. पूर्वी त्या नुसत्या बांधून टांगीत. आता सत्तरी-डिचोलीकडची काही मंडळी त्यांतून मोर, वीणा, अख्खे प्रसंग रचतात आणि कला व संस्कृती संचालनालयाच्या स्पर्धेत उतरतात. काही माटोळ्या अट्टाहासी असतात हे मी कबूल करतो. परंतु फळ सुकले की रंग बदलणार, म्हणून पाचव्या दिवशी चित्र कसे दिसेल याचा अदमास पहिल्या दिवशी घेऊन रचना करणारा माणूस मी पाहिला आहे, आणि त्याच्यापुढे मी टोपी काढतो.

चित्र आज आपल्या हातातल्या फोनवर येते, तेही असेच निनावी. परंतु त्या निनावीपणात फरक आहे. तेथे सही कोणीतरी कातरून टाकलेली असते. आमच्या गणपतीच्या शाळेत सही कधी नव्हती, तरी हात ओळखता येई : भुवईच्या टोकावरून, पोटावरच्या हातावरून, ‘हा वरच्या वाड्यावरच्या शाळेतला’ असे कोणीही सांगे. शाळा म्हणजे चित्रशाळा. आमच्याकडे गणपती दुकानातून विकत आणीत नाहीत; घरचा लाकडी पाट शाळेत नेऊन द्यावयाचा, त्यावर खडूने घरमालकाचे नाव लिहावयाचे, आणि मूर्ती त्या पाटावरच घडावयाची. नाव घरमालकाचे, तेही कित्येकदा पंचवीस वर्षांपूर्वी वारलेल्याचे. फर्माईश बहुधा तीन शब्दांची : गेल्या वर्षीसारखाच.

मागच्या श्रावणात मी अशा एका शाळेत दोन दुपारी बसलो होतो. मालकाची पुतणी कला महाविद्यालयातून उपयोजित कला शिकून आलेली. एरवी पणजीत संगणकावर वेष्टनांची आणि फलकांची कामे करते, चतुर्थीपूर्वी महिनाभर रजा घेऊन काकांच्या हाताखाली माती मळते. घरच्या पाटावरचा गणपती तिने यंदा आपल्या मनाने केला. सोनेरी नाही, गुलाबी नाही. पांढऱ्या मातीचा हात देऊन त्यावर कावेचा लेप, आणि तो ओला असताना सळईने खरडून काढलेले पितांबराचे काठ, जानवे, मुकुट. दोनच रंग. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहिले, आणि डोळ्यांची आखणी तेवढी मी करतो म्हणाले. ती त्यांनी केली.

मग मूर्ती बसवण्यापूर्वी रिकामे ठेवलेले दुसरे पाट ती मला दाखवू लागली, तेव्हा एक पाट उलटा झाला. त्याच्या पाठीवर पेन्सिलीने ओळीने आकडे लिहिलेले होते. वर्ष आणि उंची, वर्ष आणि उंची. ‘गेल्या वर्षीसारखाच’ हे वचन पाळण्यासाठी काकांनी आणि त्यांच्या वडिलांनी ठेवलेले दफ्तर. प्रत्येक पाटाच्या मागे होते. मी विचारले, घरच्या पाटावर यंदाची नोंद झाली काय? ती हसली, मूर्तीसकट पाट तिरका करून मला धरावयास लावला, आणि खाली वाकून तिने वर्ष लिहिले, उंची लिहिली, आणि त्यापुढे काकांनी कधी लिहिले नव्हते ते, आपले नाव.

चतुर्थी आली, आणि दीड दिवसांनी विसर्जन झाले. नदीवरून पाट परत आला, धुतला आणि अंगणात उन्हाला उभा करून ठेवला, तेव्हा मी मुद्दाम मागे जाऊन पाहिले. उंची पुसली होती. वर्ष राहिले होते, आणि नावातली पहिली दोन अक्षरे.